अंगावरचं दूध

"मला कुणी विचारलं?"

दाराआडून आलेला आईचा आवाज. तेव्हा ती एवढीशी होती, कडेवर धाकटा भाऊ घेऊन उंबऱ्याशी उभी. आत सुईण आईला म्हणाली होती, "अगं, मागचं अजून अंगावर पितंय आणि पुन्हा दिवस राहू दिलेस?" त्यावर आई एवढंच बोलली. रागाने नाही, रडूनही नाही. डोक्यावरची भरली घागर खाली ठेवताना बाईमाणूस जसा श्वास सोडतं, तसं. त्या बाळंतपणातून आई उठली नाही. कडेवरचा भाऊ मोठा झाला, कुठे कुठे कामाला गेला. आवाज तेवढा तिच्याकडे राहिला.

विटा पाडताना तो कधीमधी ऐकू यायचा. साच्यात गाऱ्याचा गोळा आपटायचा, कोपरे अंगठ्याने दाबायचे, वरचा गारा हाताने निपटून काढायचा, साचा उचलायचा, चार पावलं जायचं, उलटा करायचा. ओली वीट जमिनीवर बसली की साचा हलकेच वर घ्यायचा, झोपलेल्या पोराखालून हात काढून घ्यावा तसा. पुन्हा गोळा. पुन्हा वीट. दुपारपर्यंत तिच्यामागे विटांच्या ओळी लागायच्या आणि पाठीचा कणा जागेवर आहे की नाही ते कळेनासं व्हायचं.

घरातली ती धाकटी सून, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणायचे. भट्टीवर काम जोडीला मिळे. नवऱ्याने माती भिजवायची, तुडवायची, गारा आणून टाकायचा. बायकोने विटा पाडायच्या. एकट्या गड्याला मुकादम उभा करत नसे. म्हणून बाळंतपणाचं अंग ओलं होतं तेव्हाच धाकटी साच्यावर बसली होती. थोरला दीर भट्टीच्या तोंडाशी आग राखायचा. सासू राख चाळायची. आणि थोरली जाऊ, अक्का, खोपीत असायची. तिच्याकडे चूल, पाणी आणि धाकटीचं बाळ.

अक्काला जड काम मना होतं. तिची तीन बाळंतपणं एकाच्या पाठीवर एक झाली, मधे श्वास घ्यायलाही फट नव्हती. पहिलं पोटातच गेलं. दुसरं रांगायच्या आत. तिसरं धाकटीच्या बाळाच्या थोडंसं आधी जन्मलं आणि आठवडाभर या जगाकडे बघून गेलं. त्या खेपेला पिशवी फाटली, डॉक्टरांनी ती काढूनच टाकली. अक्का टाके सांभाळत परत आली तेव्हा तिची छाती दुधाने दगड झाली होती. सासूने फडकं आवळून बांधलं. "आटेल चार दिवसांत," ती म्हणाली. चार दिवस गेले, कुणी पुन्हा विचारलं नाही. आटलं असणार.

मग धाकटीची वेळ आली. बाळ धड होतं, पण धाकटीचं रक्त थांबेना. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेताना नवऱ्याने तिच्याखालची चादर पिळली होती, आणि ते आठवलं की तो अजून आपले हात बघत बसायचा. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन वर्षं दुसरं नको. आता पुन्हा असं झालं तर हातात काही राहणार नाही." नवऱ्याने मान हलवली. सासूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सुट्टीच्या दिवशी नर्सबाई स्कूटरवरून यायची. पत्र्याच्या शेडमध्ये कापडी तक्ता टांगायची आणि बायकांना गोळा करायची. बायका यायच्या त्या निम्म्या ऐकायला, निम्म्या हसायला.

"दोन मुलांत तीन वर्षं ठेवा," नर्सबाई म्हणाली. "तुम्ही भट्टीवरच्या बायका, तुम्हाला मी काय सांगू? भट्टी उतरवली की लगेच दुसरी भरता का? आधी निवू देता ना?"

"ते आमच्या घरधन्याला सांगा," मागून एक बाई बोलली. तिला सगळे फटाकडी म्हणत. "त्याला निवायचा दमच नाही."

शेड हसून हलली. नर्सबाईही हसली. मग तिने गोळ्या दाखवल्या, तांबी दाखवली, पाकिटं दाखवली.

"पाकिटं नकोत हो बाई. मागच्या खेपेला पोरांनी फुगे करून मुकादमाच्या दाराला बांधले."

धाकटीला नर्सबाईने पुढे बोलावून घेतलं. धाकटीने बाळ अक्काच्या मांडीवर दिलं आणि पुढे जाऊन बसली.

"तू तांबी बसवून घे. तुझ्या तर मी कानीकपाळी ओरडतेय."

"हंगाम संपला की येते बाई. आता एक दिवस बसले तर यांचाही दिवस बुडतो. आणि घरात सासूबाई नको म्हणतायत."

नर्सबाईने सुस्कारा सोडला. "बरं, बाळाला काय पाजतेस?"

"अंगावरचं."

"वरचं काही? पाणी, पेज, शेळीचं दूध?"

"थेंब नाही."

"मग नीट ऐक. सगळ्याच ऐका. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आहे, आईची पाळी परत आलेली नाही आणि बाळ फक्त आईच्या अंगावर आहे, दिवसा-रात्री, मागेल तेव्हा, तर सहसा दिवस राहत नाहीत. बाळ ओढतं, त्यातून अंगाला कळतं की अजून एकाचं चाललंय. तिन्ही गोष्टी हव्यात. ओढणं कमी झालं की भरवसा संपला. आणि सहा महिने भरायच्या आत तू केंद्रावर यायचंस, हंगाम असो की नसो."

अक्का कडेला बसून होती. बाळाच्या मुठीत तिचं बोट होतं. तिला कुणी काही विचारलं नाही. तक्त्यावर तिच्यासाठी आता काही नव्हतं.

घरी येताना धाकटी म्हणाली, "अक्का, एवढं करा. हा जरा कुरकुरला तरी मला आणून द्या. मी गाऱ्यात असो, मुकादम बोंबलो. सगळी मदार याच्या ओढण्यावर आहे."

"देईन गं," अक्का म्हणाली. "तुझ्यापेक्षा मला काय जास्त आहे?"

आणि ती द्यायची. खोपी पटांगणाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथून अक्का बाळ घेऊन ओळींमधून वाट काढत यायची, ओल्या विटेला पाय लागू न देता. धाकटी कोपरापर्यंत हात धुवायची, पुरुषांकडे पाठ करून बसायची. मुकादम लांबून ओरडायचा, "डेअरी उघडली का काय इथे?" नवरा खाली मान घालून गारा तुडवत राहायचा, जरा जास्तच जोराने. धाकटी बाळाचं डोकं पदराखाली घ्यायची. दूध उतरताना पाठीतून एक कळ सुखासारखी जायची, तेवढाच तिचा विसावा.

मग आभाळ भरून येऊ लागलं. अजून पावसाचे दिवस नव्हते, पण रोज दुपारी ढग जमायचे आणि कच्च्या विटा उघड्यावर. एक सर आली असती तर महिन्याचं काम पुन्हा चिखल झालं असतं. मुकादमाने सगळ्यांना जुंपलं. पाडायचं, वाळवायचं, रचायचं, झाकायचं. धाकटीला वर बघायला सवड राहिली नाही. ती साच्यावर वाकलेली असे आणि खोपीकडून अक्काचा आवाज वाऱ्यावर यायचा:

नीज रे तान्हुल्या, तुझी आई गाऱ्यात,
तिच्या हाताची रे ऊब तुझ्या घराच्या दारात.

अक्का गाऊ लागली म्हणजे बाळ निजलं. धाकटीच्या हाताला मग लय यायची. साचा त्या गाण्यावर चालायचा.

"आणलं नाहीत आज?" ती दुपारी विचारायची.

"झोपलाच होता गं. झोपलेलं पोर उठवू का?"

आधी आधी तिची छाती ठणकायची, पोलक्यावर ओले डाग पडून त्यावर माती बसायची. मग डाग कमी होत गेले. तिला वाटलं, अंगाने कामाशी जुळवून घेतलं. रात्री तर ती भाकरीचा तुकडा हातात धरूनच पेंगायची. अक्का बाळ उचलायची. "पाठ मोडलीय तुझी. माझ्याजवळ निजू दे. उठला की आणते." सकाळी ती हसून सांगायची, "शहाणं पोर आहे. एकदाही उठलं नाही." धाकटीला ते ऐकून बरं वाटायचं. आपलं पोर शहाणं असावं असं कुणाला वाटत नाही?

नर्सबाई पुन्हा आली तेव्हा तिने बाळाला तराजूच्या झोळीत घातलं आणि सगळ्यांना दाखवलं. मांड्यांना वळ्या पडलेल्या.

"बघा. काय पाजतेस गं?"

"फक्त अंगावरचं."

"ऐका जरा. शेळी नाही, डबा नाही. ही दिवसभर विटा पाडते आणि पोर बघा कसं लोण्याचा गोळा. पाळी?"

"नाही बाई."

"शाब्बास."

धाकटी लाजली. तिला आयुष्यात असं कुणी चार बायकांत उभं करून शाब्बास म्हटलं नव्हतं. फटाकडीसुद्धा त्या दिवशी गोळ्यांचं पाकीट घेऊन गेली. "हिचं बघून घेते," ती म्हणाली. नर्सबाईला घाई होती, पुढच्या भट्टीवर जायचं होतं. बाळ काय पितं हे तिने विचारलं. किती वेळा पितं, ते राहिलं.

एका सकाळी धाकटीने गाऱ्याचा गोळा उचलला आणि ओल्या मातीच्या वासाने तिच्या पोटातलं सगळं वर आलं. याच मातीचा वास तिला जन्मभर आवडत आला होता. ती उठून पाण्याच्या टाकीमागे गेली. परत आली, साच्यापुढे बसली, आणि हात तसेच गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. पित्त."

तिने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीला नर्सबाई आली तेव्हा तिने तिला शेडच्या मागे बोलावलं. नर्सबाईने पट्टी लावली. दोन रेघा उठल्या. पत्र्याच्या फटीतून बायका बघत होत्याच.

नर्सबाईचा चेहरा पडला. "तू मला सांगितलंस फक्त अंगावरचं."

"फक्त अंगावरचंच, बाई."

"मग हे कसं? पाळी नाही, सहा महिने भरले नाहीत. एकच गोष्ट राहते. वरचं चालू होतं."

"नाही हो. पोराची आण."

"आण घेऊ नकोस. मी तुला सगळ्यांसमोर उभं केलं. माझ्याशी खोटं बोलायची काय गरज होती? आता या बायका माझा शब्द ऐकतील का?"

ऐकणार नव्हत्याच. फटाकडीने कनवटीचं पाकीट काढून तक्त्याखाली ठेवलं. "घ्या बाई तुमच्या गोळ्या. जिचं बघून घेतल्या तिचीच भट्टी पुन्हा भरली, मग मी कशाला खाऊ?" बायका हसल्या. यावेळी नर्सबाई हसली नाही. धाकटी त्या हसण्यातून चालत बाहेर आली.

घरी सासूला आधीच कळलं होतं. ती चाळण हलवत म्हणाली, "माझी सहा झाली. मला कुणी तक्ते नाही दाखवले." तिच्या आवाजात आनंद नव्हता, पण आपलं खरं झाल्याची एक स्वस्थता होती.

नवरा खड्ड्यात माती भिजवत होता. धाकटी काठाशी जाऊन उभी राहिली. त्याने बराच वेळ फावडं थांबवलं नाही.

"खरं सांग," तो शेवटी म्हणाला. "कामाच्या रेट्यात दिलं असशील काहीतरी. चमचाभर. मी काही बोलणार नाही."

"तुम्हीसुद्धा?"

"बाई शिकलेली आहे. ती कशाला चुकेल?"

"आणि मी?"

तो तिच्याकडे न बघता पाण्यात उतरला आणि तुडवू लागला. पायाखालून माती चपचप वाजत राहिली. हाच माणूस चादर पिळून पिळून तिच्या उशाशी बसला होता. त्याने हात धरला असता, नुसता मातीचा ओला हात, तरी पुरलं असतं.

एकटी अक्का तिच्या बाजूने होती. ती धाकटीला जवळ घेऊन बसली, केसांतली वाळू बोटांनी काढत. "बोलू दे लोकांना. होईल सगळं नीट. याची काळजी करू नकोस, हा आहेच माझ्याकडे." धाकटीने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. सगळ्या घरात तोच एक खांदा तिला आपला वाटला.

चार दिवसांनी नर्सबाई आडवारी आली, तक्ता न घेता. धाकटीच्या बोटातून रक्त काढून तिने तपासलं.

"मी त्या दिवशी चार बायकांत तुला बोलले, ते चुकलं," ती म्हणाली. "खरं-खोटं राहू दे. तुझ्या अंगात रक्तच नाही. हे नऊ महिने काढणं आणि वर बाळंतपण, मला भीती वाटते. तुला नको असेल तर अजून वेळ आहे. केंद्रावर डॉक्टर करतील, कायद्याने करतात. तांबीही तेव्हाच बसवू. तुला काय हवंय ते तू सांग. तुझ्या नवऱ्याला मी नंतर विचारीन, आधी तुला."

धाकटी साच्याकडे बघत राहिली. आईला असं विचारणारं कुणी आलं असतं तर आई काय म्हणाली असती, हे तिला लख्ख ऐकू आलं.

"नको मला," ती म्हणाली. "आहे त्याला मी हवी आहे."

नवऱ्याने हो म्हटलं. तोंड वर न करता, पण म्हटलं. सासू बोलली नाही, म्हणजे सगळ्यांशीच बोलायची बंद झाली.

जायच्या दिवशी सकाळी भट्टी पेटली होती. धूर सरळ वर जात होता, वारा नव्हता. विटांचा ट्रॅक्टर तालुक्याला निघणार होता, त्यात तिला जागा दिली होती. नवरा ट्रॉलीवर विटा चढवत होता. धाकटीने लुगड्याचं बोचकं बांधलं, बाळाची दुपटी त्यात घातली.

"त्याला कुठे नेतेस?" अक्का म्हणाली. ती चुलीपासून उठून दारात आली. "दवाखान्यात दहा रोग. राहू दे माझ्याजवळ."

"दोन दिवस लागतील, अक्का. अंगावरचं पोर कसं राहील?"

"राहील की. मी बघेन काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय?"

बाळ उठून रडू लागलं. धाकटी उंबऱ्यावर बसली आणि त्याला पदराखाली घेतलं. त्याने दोनदा ओढलं आणि सोडून दिलं. तिने पुन्हा तोंडाला लावलं. त्याने मान फिरवली, पाठ ताणली, आणि रडत रडत दोन्ही हात अक्काकडे केले. नुसते हात नाही. तोंडही. भुकेलं पोर ओठ उघडून जसं शोधतं, तसं तो तिच्याकडे बघून शोधत होता.

धाकटीने वर पाहिलं. अक्काच्या पोलक्यावर दोन ओले डाग हळूहळू पसरत होते.

भट्टीकडून कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. चुलीवर पाणी उकळून भांड्याबाहेर येत होतं. अक्काने पदर ओढून घेतला, पण उशीर झाला होता.

"आटलं होतं ना तुमचं?" धाकटी म्हणाली.

"नाही आटलं."

"कधीपासून पाजताय?"

"तू साच्यावर बसलीस तेव्हापासून. आधी एखाद्या वेळी." अक्काने दाराची चौकट धरली. "मग रोज."

"रात्री?"

"रात्रीपण."

धाकटीच्या डोळ्यांपुढून ते सगळे दिवस गेले. झोपलाच होता. एकदाही उठलं नाही. वाऱ्यावरून येणारं गाणं आणि त्या गाण्यावर चालणारे आपले हात. नर्सबाईचं खोटारडी म्हणणं, बायकांचं हसणं, नवऱ्याची पाठ. आणि त्या संध्याकाळी केसांतली वाळू काढणारी ही बोटं.

तिला ओरडता आलं असतं. सासू राखेच्या ढिगापाशी होती, तिला हाक मारता आली असती. पण बाळ रडत होतं आणि समोर उभ्या बाईचं पोलकं भिजत होतं. तिसरं पोर पुरून आलेली बाई. छातीला फडकं बांधून शेजारच्या पोराचं रडणं ऐकत पडलेली.

"तुमची काय चूक?" धाकटी हळूच म्हणाली. "दूध होतं. पोर समोर रडत होतं. कुणीही पाजलं असतं. मला सांगायला हवं होतंत, एवढंच. मी गोळ्या घेतल्या असत्या, काहीतरी केलं असतं. पण तुम्हाला तरी काय ठाऊक, त्यानं माझं असं होईल म्हणून."

बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला. नवऱ्याने हाक दिली, "चला, निघतोय."

धाकटी उठली. तिने बाळ अक्काच्या हातात दिलं. "घ्या. पाजा त्याला. भुकेला राहायला नको. आल्यावर बघू काय ते."

अक्काने बाळ घेतलं. ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि बाळ लागलीच शांत झालं. धाकटीने बोचकं उचललं, त्यातली दुपटी काढून अक्काजवळ ठेवली आणि पायरी उतरली. पटांगणात ओल्या विटांच्या ओळी पडल्या होत्या. ती त्यांच्यामधून निघाली.

"मला ठाऊक होतं."

धाकटी थांबली. वळली.

"नर्सबाई सांगत होती तेव्हा हा माझ्याच मांडीवर होता," अक्का म्हणाली. ती बाळाकडे बघत बोलत होती. "मी सगळं ऐकलं. आईचं ओढणं कमी झालं की तिला दिवस राहतात, एवढं माझ्या नीट ध्यानात राहिलं. तुला दुसरं झालं की तू त्याच्यात गुंतशील. मग हा माझा होईल. कुणी नाही म्हणणार नाही. म्हणून मग रोज पाजलं."

ट्रॅक्टरने भोंगा दिला. धाकटी जागची हलली नाही.

"आणि डॉक्टर जे बोलले होते?" ती म्हणाली. "मी मरेन म्हणून. ते नाही आलं मनात?"

बाळ पीत होतं. अक्काने त्याच्या गालावरचं दूध बोटाने टिपलं आणि वर पाहिलं.

"आलं होतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? रोज यायचं. तरी पाजलं."